जहाजाचं तोंड

आमच्या घरी जहाज आलं ते बैलगाडीत बसून.

सत्तावन्न सालचा उन्हाळा होता. यवतमाळमधली कापसाच्या धंद्यातली एक विलायती कंपनी गाशा गुंडाळून गेली होती आणि तिच्या कचेरीतलं उरलंसुरलं सामान मुनीम पुंडलिकराव ओळखीच्या गाडीवानांना वाटत होते. कुणी खुर्ची नेली, कुणी पितळी घंटा नेली. माझे वडील धावजी यांनी एक भलीमोठी तसबीर उचलली, गोणपाटात गुंडाळली आणि राळेगावजवळच्या आमच्या तांड्यापर्यंत ती मांडीवर धरून आणली. बैल आपले आपण चालत होते. शहाण्या माणसानं खुर्ची आणली असती, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.

तसबीर म्हणजे काचेखालचं छापील चित्र होतं. बारीक काळ्या रेघांचं, वरून कुणीतरी हातानं रंग भरलेलं. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर फुगलेली शिडं, दोरांवर मुंग्यांएवढी माणसं, खाली खवळलेलं हिरवं पाणी. जहाजाच्या एका टोकातून एक लांब तिरपा दांडा बाहेर आलेला, दुसऱ्या टोकाला खिडक्याच खिडक्या. काठ्यांच्या शेंड्यांवर लाल निशाणं फडकत होती. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यातलं मला फक्त साल वाचता आलं, अठराशे बासष्ट.

"हे सेवाभायाचं जहाज हाय," बानं सांगून टाकलं. वडिलांना आम्ही बा म्हणायचो आणि आईला याडी. आम्ही बंजारे, घरात सगळी गोरबोली चालायची. इथं मी ती वऱ्हाडीत लिहितोय, नाहीतर वाचणाऱ्याची पंचाईत व्हायची.

सेवाभाया म्हणजे आमचे संत सेवालाल महाराज. समुद्रात अडकून पडलेलं गोऱ्यांचं जहाज त्यांनी सोडवून दिलं, ही गोष्ट तांड्यातल्या पोरापोराला तोंडपाठ. चित्रातलं जहाज कुठल्याशा व्यापाऱ्याचं असणार, हे मला कळत होतं. पण त्या संध्याकाळी अख्खा तांडा येऊन हात जोडून गेला आणि माझं कळणं माझ्यापाशीच राहिलं. याडीनं तसबिरीपुढं दिवा लावला. तो पुढं एकाही संध्याकाळी चुकला नाही.

माझा थोरला भाऊ उत्तमसिंग त्या चित्रासमोर बसला की उठायचं नाव काढत नसे. त्याआधी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, त्याचा आम्हाला काही फरक पडला नव्हता. भाऊ मुंबईला गेला तेव्हा पडला. कापसाच्या गाठींच्या ट्रकवर बसून तो गेला, गोदीत हमाली केली, आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं की आपण मालाच्या जहाजावर लागलो, इंजिनाला तेल घालायचं काम आहे. बानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तेव्हापासून तो घरात तसबिरीकडे पाठ करून बसू लागला.

"म्याच आणलं ते घरात," एवढंच एकदा बोलला.

एकसष्टच्या दसऱ्याला उत्तमसिंग घरी आला, महिनाभर राहिला आणि "पुढच्या दिवाळीले येतो" म्हणून गेला. तो गेल्यावर कळलं की त्याची बायको बसंतीबाई गरोदर आहे. आषाढात मुलगी झाली. बाप आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असं याडीनं ठरवलं, म्हणून तिला सगळे नुसतं ‘पोरी’ म्हणत. पोळ्याच्या सुमारास भावाचं शेवटचं कार्ड आलं. त्यानंतर काही नाही.

आता जहाजाच्या तोंडाचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

माझ्या आजीच्या काळात आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर हिंडायची. त्या फेरीला लदेणी म्हणत. पुरुष लदेणीवर निघाले की आजी फळीवरच्या मातीच्या बैलाचं तोंड दाराकडे करायची. परतायचे दिवस आले की तोंड चुलीकडे फिरवायची. बैल चुलीकडे बघू लागला की माणसांचे पाय घराकडे वळतात, असा तिचा हिशेब. तो बैल कधीच फुटून गेला होता. याडीनं आजीचा हिशेब उचलून जहाजाला लावला. असलं काही फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

आमचं घर म्हणजे एक लांबच लांब खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला चूल, दोन्ही बाजूंना मातीच्या लांब भिंती. मातीचा बैल जागच्या जागी फिरवता येतो, चित्रातलं जहाज फिरवता येत नाही. त्याचं तोंड बदलायचं तर तसबीर एका भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर लावावी लागते. उत्तमसिंग निघाला तेव्हा जहाजाचा दांडा दाराकडे होता. बासष्टची दिवाळी जवळ आली तशी याडीनं माझ्याकडून तसबीर समोरच्या भिंतीवर लावून घेतली. दांडा चुलीकडे झाला.

"आता येते तो," ती म्हणाली.

दिवाळी आली, तो आला नाही. त्याच दिवसांत चीनची लढाई लागली. राळेगावात रेडिओच्या दुकानासमोर माणसं जमायची. लढाई बर्फाच्या डोंगरांत चालली आहे, समुद्राशी तिचा काही संबंध नाही, हे मी घरी येऊन सांगायचो. याडी मान डोलवायची आणि पुन्हा विचारायची, "मंग जहाजं बंद केली का काय?" संक्रांत गेली. टपालवाला तांड्याच्या रस्त्यानं यायचा आणि आमच्या दाराकडे न बघता पुढं जायचा. बिचाऱ्याला आमच्याकडे बघायची लाज वाटायला लागली होती.

माघात एकदा मी राळेगावहून गूळ आणला. तो जुन्या वर्तमानपत्रात बांधलेला होता. त्या कागदावर चार ओळींची बातमी होती की एक मालवाहू जहाज वादळात बेपत्ता झालं आहे. जहाजाचं नाव छापलं होतं. पण भावाच्या जहाजाचं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं होतं, आणि आम्ही ते असल्या अवघड नावांसारखं त्याच संध्याकाळी विसरून गेलो होतो. मी गूळ डब्यात ओतला आणि कागद चुलीत घातला. मला फार भीती वाटली. कुणाशी बोलावं तर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यापासूनच लपवायचं होतं.

होळीच्या दिवशी शेजारचा उकंडा घरी आला. हा म्हातारा लहानपणी शेवटच्या लदेणीबरोबर चाललेला, त्यामुळे वाट या विषयावर त्याच्यापुढं कुणी बोलत नसे. तो पाणी प्यायला, तसबिरीकडे बघत बसला आणि म्हणाला, "लालीबाई, हे जहाज तं बाहेर चाललं व."

"काहून? दांडा तं चुलीकडं हाय," याडी म्हणाली.

"दांड्याचं काय घेऊन बसली? निशाण पाय. पोळ्याले आपुन गाडीवर निशाण लावतो. गाडी पळवली का निशाण पुढं उडते का मांगं?"

"मांगं."

"मंग? ह्या जहाजाचं निशाण दांड्याकडं उडून राह्यलं. म्हणजे दांडा मांगचा झाला. अन् जहाज चाललं दाराकडं."

मी चित्राकडे पाहिलं. खरंच, सगळी निशाणं दांड्याच्या दिशेनं उडत होती. इतकी वर्षं ते चित्र आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. बाहेर जाऊन पडताळा घेतला गेला. एकानं छकड्याच्या उभारीला लाल फडकं बांधलं आणि छकडा तांड्याभोवती पळवला. फडकं मागं उडालं. निम्म्या तांड्यानं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि निकाल लागला.

याडी उंबऱ्यावर बसली. "दिवाळीपासून मीच त्याले बाहेर लोटून राह्यली," ती म्हणाली. "तो येत असन, अन् मी रोज दिवा लावू लावू त्याले लोटून राह्यली."

मी ताबडतोब तसबीर पुन्हा समोरच्या भिंतीवर नेली. आता दांडा दाराकडे, खिडक्या चुलीकडे. वाटलं, संपलं. पण बा इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तसबिरीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "दांडा म्हणजे धुरा. धुरा पुढंच राह्यते. मांगं धुरा असलेली गाडी पाह्यली काय कोणी?"

उकंडा म्हणे निशाण, बा म्हणे धुरा. तांड्यात दोन पक्ष पडले. नायकानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि आपल्याला समुद्रातलं कळत नाही असं सांगून मोकळा झाला. तांड्याचा नायक इतकं खरं बोललेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

याडीनं भाकर सोडली. "खरं तोंड कोणतं ते कळल्याबिगर माह्या घशाखाली उतरत नाई," म्हणाली, आणि ताकावर राहू लागली. आधीच ती वाळलेली होती, आता तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. दिवा लावताना ती काडी पेटवून थांबायची. लावू की नको, असं तिला रोज होत असणार. लावावा तर जहाज कुठं निघेल कोण जाणे, न लावावा तर पोरगं अंधारात.

बसंतीबाई माझ्याशी फारशी बोलत नसे. एके सकाळी पोरीला काखेत घेऊन ती माझ्यापुढं उभी राहिली.

"भाऊजी, तुमी सातवी शिकलेले ना? जा यवतमाळले अन् इचारून या. मले जहाजाचं काही पडलं नाई. पण बुढी मेली तं ते आल्यावर मी त्यायले काय सांगू?"

‘आल्यावर’ हा शब्द ती अशी बोलली की मला तिच्याकडे बघवेना. मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं जहाज उतरवून घेतलं, दांडा, खिडक्या, निशाणं, सगळं, आणि कळंबवरून जाणारी एसटी पकडली.

यवतमाळात समुद्र कुणी पाहिलाय, हे विचारत हिंडण्यासारखं काम नाही. एका वकिलाच्या कारकुनानं मला वेड्यात काढलं. एका चहावाल्यानं त्याच्या साडूचा पत्ता दिला, तो साडू मुंबईला होता. शेवटी कुणीतरी एका शाळेतल्या वामनराव नावाच्या चित्रकलेच्या मास्तरांकडे पाठवलं. त्यांनी कागद उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"दांड्याकडची बाजू पुढची असावी," ते म्हणाले.

"असावी का आहे, मास्तर?"

"हे बघ, मी नागपूरच्या पलीकडे गेलेलो नाही. पण चित्राचा तोल बघता ती पुढचीच वाटते."

"मग निशाण?"

त्यांनी निशाणावर बोट ठेवलं. "निशाण चुकलंय," ते म्हणाले. "चित्रकाराच्या हातून होतं असं." आणि खिशातली पेन्सिल काढून ते माझ्या कागदावरचं निशाण दुरुस्त करू लागले. मी कागद ओढून घेतला. आमच्या घरात एक बाई भाकरीवाचून झिजतेय आणि हा गृहस्थ निशाण खोडतोय, या विचारानं मला असा संताप आला की मी नमस्कारही न करता निघालो.

स्टँडकडे जाणारा रस्ता धुळीनं भरला होता. चैत्रातला दुपारचा वारा पाठीमागून नुसता ढकलत होता. कापसाच्या बाजाराकडून उडालेले पुंजके, कागद, पाचोळा, सगळं माझ्या पायांशेजारून पुढं पळत होतं. माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याची दोन्ही टोकं सारखी तोंडावर येत होती. मी ती मागं टाकायचो, ती पुन्हा पुढं यायची. तिसऱ्यांदा मागं टाकताना माझा हात तसाच राहिला.

मी पुढं चाललो होतो आणि दुपट्टा माझ्याही पुढं उडत होता.

गाडीला बैल पुढून ओढतो, म्हणून निशाण मागं पडतं. जहाजाला बैल नाही. वारा हाच त्याचा बैल, आणि तो मागून ढकलतो. मग निशाण पुढंच उडणार. बाचा दांडा खरा आणि चित्रकाराचं निशाणही खरं. चुकला तो आमचा उकंडा, कारण त्याला मागून ढकलणारा बैल कधी भेटलाच नव्हता. भर रस्त्यात मी एकटाच हसलो, आणि स्टँडवर चांगली पुडाभर भजी खाल्ली.

बस कळंबच्या पुढं आली तेव्हा पुढचा हिशेब लक्षात आला. दांडा पुढचा, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत जहाजाचं तोंड चुलीकडेच होतं. याडीनं काहीच चुकवलं नव्हतं. सगळं बरोबर होतं, दिवा रोज लागत होता, आणि तरी उत्तमसिंग आला नव्हता. आपलं चुकलं म्हणून तो अडलाय, एवढाच तर तिला आधार होता. चूक सुधारता येते. मी घरी जाऊन तिला सांगणार होतो की सुधारायला काही नाहीच.

राळेगावला बा छकडा घेऊन आला होता. तांड्याची वाट लागली तसा म्हणाला, "सांग."

मी दुपट्ट्याची गोष्ट सांगितली. वारा मागून येत असला तर कसं होतं, तेही सांगितलं. बाला ते लगेच पटलं, त्याला समजवावं लागलं नाही.

"म्हणजे दिवाळीपासून बराबर होतं," तो म्हणाला.

"हो."

"अन् तरी नाई आला."

"बा, मी एक बातमी वाचली होती," मी म्हणालो. "गुळाच्या कागदावर. एक जहाज..."

"मले मालूम हाय. पुंडलिकराव मुनिमानं सांगतलं मले, संक्रांतीच्या बाजारात." त्यानं कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुले कायले सांगू म्हटलं."

म्हणजे माघापासून आम्ही दोघं एकाच ताटावर बसून एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं. बानं माझ्याकडे बघितलं नाही, बैलांकडे बघितलं.

"घरी काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, मास्तराले मालूम नाई."

"मग भाकर?"

त्यानं बैलांना हाकारलं.

घरी जाऊन मी तसंच सांगितलं. याडीनं ऐकून घेतलं आणि ताकाचा गडू बाजूला सारला, तेही नको म्हणाली. दिवेलागण झाली. मी तसबिरीखाली बसलो होतो. डोक्यावर जहाज, दांडा सरळ दाराकडे. या सगळ्या प्रकाराला पहिल्यापासून हसणारा मी. पण खरं तोंड मला माहीत झालं होतं, आणि माझा भाऊ दाराबाहेर, आणखी बाहेर, पाण्यात लांब चाललाय असं मला तिथं बसल्या बसल्या दिसू लागलं. उठून ती तसबीर फिरवावी असं इतकं वाटलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. फिरवली असती तर याडीनं विचारलं असतं, काहून फिरवली. बा समोरून माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याचंही तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धप्प धप्प आवाजानं आम्ही बाहेर आलो. बा सब्बल घेऊन घराची लांब भिंत फोडत होता. तसबिरीच्या बरोब्बर समोरची.

"याले काय झालं व?" याडी मला धरून म्हणाली. "पोराच्या दुःखानं डोकं फिरलं काय याचं?"

शेजारी जमले. उकंडानं हात धरायचा प्रयत्न केला, बानं त्याला बाजूला केलं. दुपारपर्यंत भिंतीच्या मधोमध माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. मग त्यानं टोकाच्या दाराची चौकट उपटली आणि ती भगदाडात बसवली. टोकाच्या दाराच्या जागी दगड रचायला लागला तेव्हा मीही माती कालवायला घेतली. काय चाललंय ते अजून मला कळलं नव्हतं. फक्त त्याला एकट्याला ते करू देणं बरं दिसत नव्हतं.

पहिल्यांदा कळलं ते बसंतीबाईला. जुनं दार बुजून भिंत सलग झाली, तशी ती आत गेली, चुलीजवळ टांगलेली पोरीची झोळी सोडली आणि खोलीच्या त्या दुसऱ्या टोकाला, नव्या भिंतीजवळच्या आढ्याला बांधली. पोरीला तिच्यात ठेवलं आणि झोका दिला.

बानं चिखलाचे हात पुसले. तसबिरीपुढं उभा राहिला. मग एक हात चुलीकडे केला, एक झोळीकडे.

"ह्या टोकाले चूल, त्या टोकाले त्याची पोरगी," तो म्हणाला. "आता कोण्या तोंडानं निघायचं त्या तोंडानं निघू दे त्याले. बाहेर जाच्याले रस्ता नाई ठेवला."

याडी चुलीकडे बघायची, झोळीकडे बघायची, मधे जहाजाकडे. तिनं दिव्यात तेल घातलं, वात नीट केली. मग नव्या दारातून येणाऱ्या उजेडात खाली बसली आणि सुनेला म्हणाली, "भाकर हाय काय व एखांदी?"

तिनं अर्धी खाल्ली. बा बाहेर जाऊन छकड्याच्या आडोशाला बसला. त्याला तिथं काय झालं ते बघायला मी गेलो नाही.

पण भाकर परत आली म्हणजे माणूस परत आला असं नाही. चैत्र गेला, वैशाख निम्मा सरला. बुजवलेल्या भिंतीचा चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या, याडीनं त्या शेणमातीनं लिंपल्या. पोरगी झोळीतून उतरून रांगू लागली. टपालवाला तसाच पुढं जायचा. मी रोज राळेगावला काहीतरी निमित्त काढून जायचो आणि रेडिओच्या दुकानासमोर उभा राहायचो. बासुद्धा रोज निमित्त काढून तिथंच यायचा. तिथं आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नव्हतो. घरी यायची भीती वाटायची, कारण आम्ही आलो की याडी आधी आमच्या तोंडांकडे बघायची. बसंतीबाई बघायची नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

भावाचं जहाज दूरच्या एका बंदरात इंजिन बिघडून अडकून पडलं होतं, मालक कुणाला दाद देत नव्हता, खलाशांना महिनोन्‌महिने उतरता आलं नव्हतं, त्यानं दिलेली पत्रं कुणी टपालात टाकलीच नव्हती, हे सगळं पुढं कळलं. जहाजाचं तोंड कोणतं असतं असं त्याला विचारलं, तेव्हा तो डोकं खाजवून म्हणाला होता, "मले काय माहीत? मी खाली इंजिनात राहो." तेही पुढचंच.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे आत होतो. दिवा लागला होता. बसंतीबाई भाकरी थापत होती, बा तसबिरीकडे तोंड करून बसला होता. बाहेर कुत्री भुंकली आणि गप्प झाली. मग झोळीच्या टोकाच्या भिंतीवर बाहेरून काहीतरी घासल्यासारखं झालं.

"म्हैस सुटली कोणाची," मी म्हणालो.

पुन्हा घासलं. म्हैस अशी घासत नाही. कुणीतरी हातानं भिंत चाचपत होतं, हळूहळू, या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि परत. जुन्या पायवाटेनं येणारा माणूस थेट त्या टोकाशी येतो. नवं दार त्याला अंधारात दिसायचं नाही. बसंतीबाईच्या हातातली भाकर तशीच राहिली. आम्हा चौघांनाही एकाच वेळी कळलं असावं. चुकीचं निघालं तर काय, याची इतकी भीती मला पुढं कधी वाटली नाही.

मग भिंतीपलीकडून आवाज आला. बसलेला, थकलेला, घाबरलेला.

"याडी? याडी, दार कुठी गेलं व?"

बा उठला आणि कोपऱ्यातली सब्बल उचलली. तो ती भिंत तिथल्या तिथं पुन्हा फोडायला निघाला होता. याडीनं त्याचा हात धरला.

"पुरे झालं तुमचं," ती म्हणाली. मग भिंतीपाशी गेली आणि लिंपलेल्या मातीवर तळवा टेकला. "उत्तम, डाव्या अंगानं ये. माह्या आवाजासंगं ये, बाबू. मी बोलून राह्यली, तू चालत राह्य."

आणि ती आतून भिंतीला हात लावून बोलत बोलत चालू लागली, बाहेरून तो, नव्या दारापर्यंत.